उत्तर देणाऱ्याचा रकाना

सेव्हन काउंटीज म्युच्युअल या विमा कंपनीत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणारी चाळीसेक माणसं होती आणि त्यांतल्या एकीलाच भिंतीत सरळ खिळा ठोकता येत असे. ती आर्डिस वीनस्ट्रा. खिळे ठोकायला ती वडिलांच्या कोठारावर शिकली होती. आर्किटेक्ट मात्र ती आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला आल्यावर झाली, तीही कुणालाच न दिसणाऱ्या गोष्टींची.

तिचा धाकटा भाऊ हार्लन अजून त्याच शेतावर मका आणि सोयाबीन पिकवतो. दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला टर्की कापता कापता तो विचारायचा, "काय आर्किटेक्टबाई, यंदा तरी एखादी इमारत उभी राहिली का?"

"आमच्या इमारती दिसत नाहीत रे."

"मग पडल्या तर कळतं का?"

"तुला सगळ्यांत आधी कळेल," आर्डिस म्हणायची, आणि सगळं टेबल हसायचं. तेव्हा तो विनोद होता.

कंपनी पूर्वी खरोखर सात काउंट्यांपुरती, म्हणजे सात जिल्ह्यांपुरती होती आणि फक्त गारपिटीचा विमा उतरवायची. पुढे तिने वाटेत भेटेल ती लहान कंपनी गिळली, चौदा राज्यांत पसरली, नाव तेच ठेवलं. गिळलेल्या प्रत्येक कंपनीबरोबर तिची संगणक यंत्रणाही पोटात गेली आणि एकही धड पचली नाही. कुठल्या यंत्रणेची माहिती कुठे वाहते, कुठली भिंत पाडली तर कुणाच्या डोक्यावरचं छप्पर खाली येईल, हे कुणीतरी सांगावं लागतं. आर्डिस वीस वर्षं ते सांगत आली होती. तिच्या पाटीवर 'सोल्यूशन आर्किटेक्ट' असं लिहिलेलं होतं. सोल्यूशन आर्किटेक्ट एका खोलीचा विचार करतो, एंटरप्राइज आर्किटेक्ट अख्ख्या घराचा. आर्डिस अख्ख्या घराचा विचार करायची आणि पाटी खोलीची लावायची. बारा वर्षांत तीनदा तिने मोठ्या पाटीसाठी अर्ज केला. तिन्ही वेळा तिला प्रेमाने सांगण्यात आलं की तुझ्यावाचून त्या खोलीचं पान हलणार नाही.

आयोवात कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. शेजारणीने केलेला पदार्थ घशाखाली उतरला नाही तर म्हणायचं, "वेगळं आहे हं." नकार याच्या पलीकडे नेणं असभ्यपणाचं समजतात. आर्डिसनेही तिन्ही वेळा "बरं" म्हटलं आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मग बोस्टनहून ग्रेसन पेलेटियर आले. मुख्य आर्किटेक्ट. निळा सदरा, मोजा न घालता बूट, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची सवय. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायला लावल्या आणि विचारलं, "आपली परिभाषा एक आहे का?"

ती एक नव्हती. पेलेटियरनी ती एक केली आणि तिचा कोश छापला. एंटरप्राइज आर्किटेक्ट, बिझनेस आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट, सुरक्षेचा आर्किटेक्ट, आणि या सगळ्यांत ताळमेळ राहावा म्हणून ताळमेळाचा आर्किटेक्ट. कंपनी विमा उतरवते हे या कोशात कुठे आलं नव्हतं. तिच्या अंगी 'जोखीम स्वीकारण्याची क्षमता' असल्याची नोंद होती.

कोशामागून आला तक्ता. प्रत्येक निर्णयाची एक ओळ आणि ओळीत चार रकाने: करणारा, उत्तर देणारा, विचारायचा आणि कळवायचा. करणारा हात चालवतो. उत्तर देणारा एकच असतो, गोष्ट बिघडली की मान त्याची. विचारायच्या माणसाला आधी विचारतात. कळवायच्या माणसाला झाल्यावर कळवतात. तक्ता आला तशी कंपनीतली शहाणी माणसं विचारायच्या रकान्यात जाऊन बसली. तिथे मत देता येतं आणि मान सुरक्षित राहते. मुंज असो की बारसं, मांडवाच्या दाराशी उभं राहून सल्ले देणारे काका प्रत्येक समाजात असतात. इथे त्यांना पगार होता.

गारपिटीच्या जुन्या यंत्रणेच्या ओळीत आर्डिस होती कळवायच्या रकान्यात.

ती पेलेटियरच्या खोलीत गेली. "ग्रेसन, हेझलच्या ओळीत मला आधी विचारायला हवं. तिचे अर्धे धागे मी बांधलेत."

हेझल हे त्या यंत्रणेचं नाव. संगणक यायच्या आधी गारपिटीचे दावे एकटीच्या डोक्यावर सांभाळणाऱ्या एका बाईंवरून ठेवलेलं.

"आर्डिस, म्हणूनच," पेलेटियर कळवळून म्हणाले. "तुमचा जीव गुंतलाय तिच्यात. मला तुमच्यावरचा भार कमी करायचाय."

"माझा जीव गुंतलेला नाही. ती बंद करायचा आराखडा मीच लिहिलाय. तीन वर्षांचा."

"उत्तम आराखडा आहे. आपण तोच पुढे नेतोय!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यात घराची दोन चित्रं काढतात. एक आज घर कसं आहे त्याचं, दुसरं ते पुढे कसं असावं त्याचं. पहिलं चित्र नेहमी कुरूप असतं, कारण ते खरं असतं. पेलेटियरच्या माणसांनी दुसरं चित्र इतकं देखणं काढलं की संचालक मंडळ हरखलं. हिरवे, निळे, गोल कोपऱ्यांचे चौकोन, मधोमध पांढरी जागा. हेझल त्यात नव्हती. असायचं कारणही नव्हतं, तीन वर्षांनी ती नसणारच होती. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तीन वर्षांनंतरची स्थिती. मंडळापुढे ठेवताना ती ओळ काढायची ठरली. पेलेटियर म्हणाले, तिच्यामुळे डोळा अडखळतो.

"ती ओळ काढू नका," आर्डिस तयारीच्या बैठकीत म्हणाली. "तेवढ्या ओळीनेच ते चित्र खरं आहे."

"छान मुद्दा. नोंद घेतली," पेलेटियर म्हणाले. नोंद खरंच घेतली गेली. ओळही गेली. चित्र पुरुषभर उंचीचं छापून खालच्या दालनात, लिफ्टसमोर लावलं. आज असलेल्या घराचं चित्र कुणीच कुठे लावलं नाही.

महिने गेले. कंपनीच्या खरेदी खात्याचा एक साधा, चोख नियम होता: कुठल्याही यंत्रणेचं कंत्राट नव्याने करायची वेळ आली की ती अधिकृत चित्रात आहे का पाहायचं. असेल तर करार पुढे चालू. नसेल तर आपोआप बंद. मे महिन्यात हेझलच्या कंत्राटाची वेळ आली. खरेदी खात्याने चित्र पाहिलं. हेझल त्यात नव्हती.

हेझल बंद करायचा निर्णय कुणी घेतलाच नाही. यावर आर्डिसचा विश्वास बसायला दोन दिवस गेले, आणि तिचा संताप खरा तिथून सुरू झाला. दुष्ट माणसाने घातलेला घाव समजतो. त्याच्यावर ओरडता तरी येतं. इथे चाळीस हुशार माणसांनी एक सुंदर चित्र काढलं आणि चित्रानेच घाव घातला.

तिला कळलं ते नियमाप्रमाणे, झाल्यावर. 'आपल्या माहितीसाठी' असा निरोप आला. ती जिना उतरून वेंडेल स्ट्रबकडे गेली. वेंडेल हेझलचं रोजचं चालवणं बघायचा. करणाऱ्याचा रकाना त्याचा होता, आणि त्या दिवशी त्याचा वाढदिवस असल्यामुळे टेबलावर त्याने स्वतःच करून आणलेल्या शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्यांचा ट्रे होता. त्या ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच खाऊ आणायचा.

"वेंडेल, हेझल बंद आहे?"

"ओमाहाच्या यंत्रघरवाल्यांनी सोमवारी बटण दाबलं. वडी घे."

"आणि तू गप्प बसलास?"

"अगं, मी उत्तर देणाऱ्याला विचारायला गेलो होतो. रकाना रिकामा निघाला. मग विचारायच्या माणसांना विचारलं. अकरा जण आहेत. सगळे म्हणाले, आमचा सल्ला असा की उत्तर देणाऱ्याला विचार."

"जून लागलाय, वेंडेल. गारांचे दिवस."

"मला कॅलेंडर वाचता येतं, आर्डिस."

ती तशीच वर गेली. पेलेटियर हवेत चौकोन काढत फोनवर बोलत होते. तिने फोन संपायची वाट पाहिली नाही, आणि आयोवाच्या मानाने हा दंगाच होता.

"हेझल परत चालू करा. आज."

"आर्डिस, मलाही ती चालू व्हावीशी वाटते," पेलेटियर म्हणाले. "पण चित्रात नसलेली यंत्रणा चालू करणं म्हणजे नवी यंत्रणा आणणं. त्यासाठी परीक्षण मंडळापुढे प्रस्ताव हवा. आणि प्रस्ताव आपल्या तत्त्वांत बसायला हवा. पहिलं तत्त्व तुम्हाला माहीतच आहे."

पहिलं तत्त्व होतं: जुनं नवीन म्हणून आणायचं नाही.

"म्हणजे जी चालू होती ती चालू करता येत नाही, कारण ती जुनी आहे. आणि जुनी म्हणून चालू ठेवता येत नाही, कारण ती चित्रात नाही."

"तुम्ही फार नेमकं मांडता," पेलेटियर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

शनिवारी दुपारी पश्चिमेकडून आभाळ हिरवट काळं झालं. संध्याकाळपर्यंत सहा काउंट्यांतल्या कोवळ्या मक्याच्या पानांच्या चिंध्या झाल्या. सोमवारी सकाळी हार्लनचा फोन आला.

"ताई, गारा पडल्या की तुमच्या कंपनीला आम्ही कळवायचं असतं, की गारा परस्पर कळवतात?"

"तू फोन केलास ना?"

"तीनदा. एक पोरगी बोलली, फार गोड. म्हणाली, तुमची पॉलिसी मला दिसत नाहीये. म्हटलं, बये, मला समोर शेत दिसत नाहीये!"

"पाहणी करणारा माणूस कधी येतोय?"

"तेच तर. म्हणाली, कुणाला कुठे पाठवायचं हे सांगणारं यंत्र सध्या नाही. नाही म्हणजे? ट्रॅक्टर नाही असं मी म्हणतो तेव्हा तो शेजाऱ्याकडे असतो. तुमचं यंत्र कुणाकडे आहे?"

आर्डिसने ओमाहाचा नंबर शोधायला घेतला.

"ताई, तुला ठाऊक आहे," हार्लनच्या आवाजातली थट्टा आता गेली होती. "पाहणी झाल्याशिवाय मी नांगर घालू शकत नाही. घातला तर दावा गेला. आणि या महिन्यातच नांगरून सोयाबीन पेरलं नाही तर हंगाम गेला. मी उभा राहून चिंध्यांकडे बघतोय."

त्या सकाळी आर्डिसने ओमाहाला फोन लावला. हेझल तिथल्याच यंत्रांवर चालायची. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, यंत्रं अजून मोडीत काढलेली नाहीत, चालू करता येतील, पण मालकाची सही लागेल.

"मालक कोण?"

"ते तुम्हीच सांगायचं, मॅडम."

वेंडेल तिच्या खुर्चीमागे उभा होता. "करू नकोस," तो हळूच म्हणाला. "उद्या म्हणतील, सही केलीस म्हणजे तूच मालकीण."

"अरे, मग कोण आहे? नाव सांग ना एक."

आर्डिसने सही केली. बुधवारी हेझल उठली, आणि पहिल्या तासातच फोनवरच्या मुलींना पॉलिसी दिसू लागल्या. पण दावे साचून डोंगर झाला होता आणि पाहणी करणारी माणसं मोजकी. हार्लनकडे माणूस पोचला तोवर सोयाबीनची वेळ टळून गेली होती. त्याला पैसे मिळाले, सगळे मिळाले. शेत मात्र तो उन्हाळाभर उघडं राहिलं, तेही हमरस्त्याला लागून, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असं. आजूबाजूला कमरेएवढं पीक आणि मधे हार्लनचा तपकिरी चौकोन. तो चर्चला जाताना लांबच्या वाटेने जाऊ लागला.

राज्याच्या विमा आयुक्तांकडून विचारणा आली: यंत्रणा बंद पडण्याला उत्तरदायी अधिकारी कोण? त्यांना एक नाव हवं होतं.

एवढ्या सगळ्या आर्किटेक्टांच्या कंपनीत एक नाव सापडेना. मग पेलेटियरनी आर्डिसला बोलावलं. स्वतः कॉफी ओतून दिली.

"तुमच्यावर अन्याय झालाय," ते म्हणाले. "मी जुने कागद पाहिले. तीन वेळा अर्ज! लाज वाटली मला. एंटरप्राइज आर्किटेक्ट, आर्डिस. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना तुम्ही या पाटीवाचून जाणं मला मान्य नाही."

आर्डिसने कप खाली ठेवला. बारा वर्षं एखादी गोष्ट हवी असते, तेव्हा ती चुकीच्या माणसाच्या हातातून आली तरी जीव लकाकतोच.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"एक मार्चपासून."

"आता ऑगस्ट चाललाय."

"मागील तारखेने. म्हणजे तुम्हाला मार्चपासूनचा मानही मिळेल."

मार्च. कंत्राटाच्या आधी, निरोपाच्या आधी, गारांच्या आधी. एंटरप्राइज आर्किटेक्ट म्हणजे अख्ख्या घराचा उत्तर देणारा, हे पेलेटियरच्याच कोशात ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"म्हणजे हेझल बंद झाली तेव्हा उत्तर देणारी मी होते."

"तांत्रिकदृष्ट्या. आणि तशीही मालक म्हणून सही तुमचीच आहे ना? आपण फक्त कागद वस्तुस्थितीशी जुळवतोय. कारवाई काही होणार नाही, माझा शब्द. आयुक्तांना एक नाव हवंय, बस."

"ग्रेसन, मी तेव्हा कळवायच्या रकान्यात होते. तुम्हीच घातलं होतंत."

"रकाने काय, बदलतात."

"मग आजपासून बदला. आजच्या तारखेने पाटी द्या. यापुढे जे बिघडेल त्याचं उत्तर मी देईन, लेखी."

पेलेटियरनी हवेत एक चौकोन काढला आणि तो तसाच अर्धा सोडून हात खाली घेतला. "आजच्या तारखेने त्याचा उपयोग नाही, आर्डिस."

त्या खोलीत त्या वर्षात बोललं गेलेलं खरं वाक्य एवढंच असेल.

तिच्या डोळ्यांपुढे हार्लनचं उघडं शेत आलं. कंपनीला तिथे लावायला एक पाटी हवी होती, आणि पाटीवर आर्डिसचं नाव. "ही तुझी इमारत का, ताई?" असं त्याने विचारलं असतं, आणि तिला हो म्हणावं लागलं असतं. जन्मभर ती वेगळं आहे, बरं, बघू या, असं म्हणत आली होती. तिने खुर्ची मागे सारली.

"नाही," आर्डिस वीनस्ट्रा म्हणाली.

पेलेटियर अजून पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले होते. ते आलं नाही.

आयुक्तांना उत्तर गेलं. त्यात एका वाक्यात नऊ स्वल्पविराम होते, 'संक्रमणकालीन' हा शब्द चारदा होता आणि माणसाचं नाव एकही नव्हतं. कंपनीला ताकीद मिळाली, जी कंपनीने नोंद म्हणून घेतली. मोठी पाटी हिवाळ्यात ताळमेळाच्या आर्किटेक्टला मिळाली, त्या दिवसाच्या तारखेने. आर्डिस कळवायच्या रकान्यातच राहिली. हेझल चालू आहे, चित्रात ती अजूनही नाही, आणि तिचं कंत्राट आर्डिसच्या त्या सहीवर पुढे सरकतं, कारण दुसरी सही करायला कुणी पुढे येत नाही.

पाटीचा निरोप फिरला त्या सकाळी आर्डिस लिफ्टपाशी थांबली. पर्समधून जाड काळा मार्कर काढला आणि त्या देखण्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, मोठ्या, शेतकरी वळणाच्या अक्षरांत लिहिलं: 'हे आज असं नाही. तीन वर्षांनंतर, झालं तर.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली.

दालनात वर्दळ होती. बघणाऱ्यांतल्या एका बाईंनी पुटपुटून म्हटलं, "वेगळं आहे हं."

सफाईवाल्यांनी ते पुसायची परवानगी मागितली. इमारत खात्याने ती आर्किटेक्टांकडे पाठवली. आर्किटेक्टांनी तक्ता पाहिला. चित्राची ओळ सापडली, करणारे सापडले, विचारायचे तर चिक्कार सापडले. उत्तर देणाऱ्याचा रकाना रिकामा होता, म्हणून अक्षरं अजून आहेत.

पुढच्या थँक्सगिव्हिंगला हार्लनने इमारतीचं काही विचारलं नाही. टर्कीचा पहिला, कुरकुरीत सालीचा तुकडा नेहमी तो स्वतः पळवायचा. तो त्याने न बोलता तिच्या ताटात ठेवला आणि म्हणाला, "मीठ पाहिजे का बघ, आर्किटेक्टबाई."